एकतीस सेंट आणि एकोणचाळीस सेंट

१९५४ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या एका शिबिरात वीस मुलं पैशांचा हिशोब करत बसली होती. शिबिरात चित्रपट आणायचा तर १५ डॉलर लागणार होते आणि सगळी रक्कम शिबिराकडून मिळणार नव्हती. बरीच आकडेमोड झाली. शेवटी ठरलं की दोन्ही गटांनी साडेतीन-साडेतीन डॉलर काढायचे आणि उरलेले शिबिराने घालायचे. एका गटात ११ मुलं होती. दुसऱ्या गटातली दोघं घरची आठवण असह्य होऊन आधीच परत गेली होती, त्यामुळे तिथे उरली होती ९. म्हणजे एका गटातल्या मुलाला पडले ३१ सेंट आणि दुसऱ्या गटातल्या मुलाला ३९.

या आठ सेंटांवरून भांडण झालं नाही. मला या सगळ्या प्रकरणात हाच प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण काही दिवसांपूर्वी याच मुलांनी एकमेकांचे झेंडे जाळले होते. एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घातल्या होत्या. मोज्यांत दगड भरून ठेवले होते. मध्ये काय घडलं?

समाजमानसशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात हे शिबिर ‘रॉबर्स केव्ह प्रयोग’ या नावाने भेटतं, बहुतेक वेळा अर्ध्या पानात: मुलं भांडली, मग एकत्र काम केलं, मग मैत्री झाली. या अर्ध्या पानाने फार गैरसमज केले आहेत. म्हणून हे प्रकरण सावकाश, तपशिलात सांगते.

माणूस आणि जागा

प्रयोगाचे सूत्रधार मुझफर शेरीफ. जन्म १९०६ चा, आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरजवळच्या ओदेमिश गावातला. १९१९ मध्ये ग्रीक सैन्य इझमीरमध्ये उतरलं तेव्हा ते कुमारवयात होते. समूह समूहावर तुटून पडतो म्हणजे काय, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि स्वतःचा जीव थोडक्यात वाचला, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. हार्वर्ड आणि कोलंबिया विद्यापीठांत ते शिकले, १९४५ मध्ये पुन्हा अमेरिकेत आले आणि १९४९ पासून ओक्लाहोमा विद्यापीठात काम करू लागले. त्यांच्या पत्नी कॅरोलिन वुड शेरीफ याही समाजमानसशास्त्रज्ञ होत्या आणि या कामात बरोबरीच्या भागीदार होत्या.

शेरीफ यांचा प्रश्न असा होता: दोन समूह एकमेकांचा द्वेष करतात तेव्हा तो द्वेष माणसांच्या स्वभावातून येतो, की त्यांना ज्या परिस्थितीत उभं केलेलं असतं तिच्यातून? स्वभावाचं कारण बाजूला काढायचं तर माणसं अगदी साधी, सरळ, एकसारखी हवीत. म्हणून त्यांनी ओक्लाहोमा सिटीतल्या शाळांमधून अकरा वर्षांची २२ मुलं निवडली. सगळी गोरी, सगळी प्रॉटेस्टंट, मध्यमवर्गीय, घरात आईवडील दोघंही असलेली, अभ्यासात बरी, कोणाच्या तक्रारी नसलेली. एकमेकांना आधी ओळखत नसलेली. मुलांना आणि पालकांना वाटत होतं की हे सुट्टीतलं शिबिर आहे. पालकांना मुलांच्या गटातल्या वागण्याचा अभ्यास होणार एवढं सांगितलं होतं. भांडण मुद्दाम लावलं जाणार आहे, हे सांगितलं नव्हतं.

त्याच वर्षी १७ मे रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला होता. त्यानंतर महिनाभराने, जूनमध्ये, ही बावीस गोरी मुलं बसमधून निघाली. देशात ज्या भांडणाची सर्वांत जास्त चर्चा होती, ते या शिबिरात कुठेच नव्हतं. प्रयोगाची ताकद त्यात आहे आणि मर्यादाही त्यातच आहे.

जागा होती विल्बर्टन गावाजवळच्या रॉबर्स केव्ह उद्यानाने वेढलेला बॉय स्काउट्सचा २०० एकरांचा तळ. डोंगर, झरे, पोहायचे डोह, आणि जुन्या काळचे दरोडेखोर जिथे लपत अशी आख्यायिका असलेली गुहा. शेरीफ स्वतः शिबिराचे रखवालदार बनून वावरत होते. मुलांच्या ताया-दादांसारखे जे कार्यकर्ते होते, ते निरीक्षक होते. रात्री मुलं झोपली की दिवसाच्या नोंदी लिहिल्या जात.

पहिला आठवडा: ‘आपण’ कसं तयार होतं

दोन बस, दोन वेगळे दिवस, एकमेकांच्या नजरेआड असलेली दोन निवासस्थानं. पहिल्या आठवड्यात एका गटाला दुसऱ्या गटाचा पत्ता नव्हता. त्यांना कामं अशी दिली जात की एकट्याने पार पडणार नाहीत. डोंगराळ वाटेवरून होडी पाण्यापर्यंत वाहून न्यायची, स्वतः अन्न शिजवायचं, पोहायच्या डोहाची डागडुजी करायची.

एका गटाने स्वतःचं नाव ठेवलं रॅटलर्स, म्हणजे तिकडचा तो शेपूट खुळखुळवणारा विषारी साप. दुसरे झाले ईगल्स, गरुड. नावाबरोबर रीतीही आल्या. रॅटलर्सना टणकपणाचं कौतुक होतं: लागलं, खरचटलं तरी हूं की चूं करायचं नाही, आणि शिव्या देणं म्हणजे मर्दुमकी. ईगल्सकडे घरची आठवण आली म्हणून रडणं वाईट मानलं जाई. कोणी शिकवलं नव्हतं. सात दिवसांत अकरा अनोळखी मुलांनी स्वतःचा धर्म तयार केला.

आकर्षण म्हटलं की आपल्याला दोन माणसांमधली ओढ आठवते: रूप, स्वभाव, आवडीनिवडी. शेरीफ यांचं म्हणणं असं की बरीचशी ओढ बसण्याउठण्याच्या मांडणीतून जन्मते. याचा जास्त लख्ख पुरावा त्यांच्या १९४९ च्या कनेटिकटमधल्या शिबिरात मिळाला होता. तिथे मुलांना आधी मोकळं मिसळू दिलं, जवळचे मित्र कोण ते विचारलं, आणि मग दोन गट पाडताना मुद्दाम जिवलग मित्र वेगळे केले. काही दिवसांनी पुन्हा विचारलं तर दहातली नऊच्या आसपास नावं आता स्वतःच्या गटातली होती. आधीचा जिवलग पलीकडच्या गटात गेला आणि मनातूनही मागे सरला. ही गोष्ट वाचताना मला दर वेळी थोडं दुखतं. इयत्ता बदलली, तुकडी बदलली आणि कालची मैत्रीण ओळख दाखवेनाशी झाली, असं आपल्यापैकी कितीजणींनी अनुभवलं आहे.

आठवड्याच्या शेवटी रॅटलर्सना मैदानाकडून दुसऱ्या मुलांचे आवाज आले. अजून कोणी कोणाला पाहिलंही नव्हतं, तरी पहिली प्रतिक्रिया होती: त्यांच्याशी सामना लावा. आणि आपल्या डोहावर ते आले तर? ‘आपला’ डोह. सात दिवसांपूर्वी त्या डोहाचं अस्तित्वही त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसरा टप्पा: एकाचं बक्षीस म्हणजे दुसऱ्याची हार

मग स्पर्धा जाहीर झाली. बेसबॉल, रस्सीखेच, तंबू उभारणं, खोल्यांची टापटीप, नाटुकली, खजिनाशोध. जिंकणाऱ्या गटाला ढाल, प्रत्येकाला पदक आणि प्रत्येकाला चार पात्यांचा चाकू. अकरा वर्षांच्या मुलाला असा चाकू म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. हरणाऱ्या गटाला काहीच नाही. गाठ मारली गेली ती इथे: जे तुला मिळेल ते मला मिळणार नाही.

सुरुवातीला खिलाडूपणा होता. सामन्यानंतर हरलेल्यांसाठी जयघोषही झाला. तो फार टिकला नाही. पहिली रस्सीखेच हरल्यावर ईगल्सना मैदानावर रॅटलर्सचा झेंडा दिसला, आणि त्यांनी तो जाळला. दुसऱ्या दिवशी रॅटलर्सनी ईगल्सचा झेंडा हिसकावून जाळला. मग रात्रीची धाड आली. रॅटलर्सनी तोंडं काळी करून ईगल्सच्या खोलीत घुसून पलंग उलथे केले, एका मुलाची जीन्स पळवली आणि तिच्यावर रंगाने टोमणा लिहून ती झेंड्यासारखी मिरवली. ईगल्स उलट धाडीला गेले ते काठ्या आणि बॅटी घेऊन. परतल्यावर त्यांनी मोज्यांत दगड भरून ठेवले, पुन्हा कोणी आलं तर म्हणून.

इथल्या दोन नोंदी पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाहीत, पण मला त्या फार बोलक्या वाटतात.

पहिली: ईगल्सनी ठरवलं की रॅटलर्स शिव्या देतात, म्हणून आपण द्यायच्या नाहीत. ते सामन्याआधी प्रार्थना करू लागले, आणि जिंकले की विजय प्रार्थनेचा मानू लागले. म्हणजे नीतीसुद्धा शत्रूकडे पाहून ठरली. आपण चांगले कशामुळे, तर ते वाईट आहेत म्हणून.

दुसरी: भांडण पेटलं तसे नेते बदलले. शांततेच्या दिवसांत ईगल्सचा जो म्होरक्या होता तो लढाईच्या वेळी मागे पडला आणि आक्रमक मुलगा पुढे आला. आपल्याकडे कुठल्याही दोन गटांच्या गावात हे दिसतं. समंजस माणूस बैठकीत असतो, पण शब्द चालतो दुसऱ्याचाच.

ढाल ईगल्सनी जिंकली. खजिनाशोधात ती त्यांच्याकडे जाईल अशी थोडी व्यवस्था कार्यकर्त्यांनीच केली होती. विजेते पोहायला गेले असताना रॅटलर्सनी धाड घालून चाकू आणि पदकं पळवली. मग समोरासमोर मारामारी झाली आणि मोठ्यांना मुलं ओढून वेगळी करावी लागली. दोन्ही गटांनी सांगून टाकलं की त्यांच्याबरोबर एका खोलीत जेवणार नाही.

या काळात केलेली एक चाचणी अशी. जमिनीवर वाल सांडून ठेवले आणि ठरलेल्या वेळात जो गट जास्त गोळा करेल त्याला ५ डॉलर. नंतर प्रत्येक मुलाने गोळा केलेले वाल पडद्यावर क्षणभर दाखवले आणि सगळ्यांना अंदाज करायला सांगितला. खरं तर पडद्यावर दर वेळी तेच ३५ वाल होते. मुलांना मात्र आपल्या गटातल्या मुलाचे वाल जास्त दिसले आणि पलीकडच्याचे कमी. कोणी खोटं बोलत नव्हतं. पस्तीस वाल त्यांना खरोखरच तसे दिसत होते.

मित्र कोण, या प्रश्नावर आता रॅटलर्सच्या उत्तरांत दुसऱ्या गटातली नावं होती ६.४ टक्के, ईगल्सच्या ७.५ टक्के.

आणि ते शिबिर, जिथे भांडण झालंच नाही

इथे थांबून एक वर्ष मागे जायला हवं. मला वाटतं, या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा रॉबर्स केव्हमध्ये नसून १९५३ च्या फसलेल्या शिबिरात आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या मिडल ग्रोव्ह इथे शेरीफ यांनी हाच प्रयोग केला होता. तो अर्ध्यात सोडावा लागला आणि त्याबद्दल त्यांनी फार थोडं लिहिलं. जीना पेरी या ऑस्ट्रेलियन लेखिकेने कागदपत्रं धुंडाळून आणि वृद्ध झालेल्या त्या मुलांना भेटून २०१८ मध्ये त्याची हकिगत पुस्तकरूपाने मांडली.

तिथे सगळी मुलं पहिले दोन दिवस एकत्र होती, मोकळी मिसळली होती, आणि नंतर त्यांचे पँथर्स आणि पायथन्स असे गट केले. स्पर्धा झाल्या, बक्षिसं लागली, तरी वैर काही येईना. मग कार्यकर्त्यांनी चोरून कुरापती काढल्या. कपडे पळवले, तर मुलांना वाटलं धुलाईत अदलाबदल झाली असेल. तंबू पाडला, तर एका बाजूने शपथेवर सांगितलं की आम्ही नाही केलं, आणि दुसऱ्या बाजूने विश्वास ठेवला. शेवटी मुलांचा संशय गेला तो बरोबर ठिकाणी, मोठ्यांवर.

काय फरक होता? वयं तीच, बक्षिसांची पद्धत तीच. पण या मुलांची आधी तोंडओळख होती. ‘तो’ कोण आहे हे त्यांना माहीत होतं, आणि माहीत असलेल्या मुलाने शपथ घेतली तर ती खरी वाटते. १९५४ मध्ये शेरीफ यांनी ही चूक सुधारली, म्हणजे पहिला आठवडा दोन्ही गटांना एकमेकांपासून पूर्ण तोडलं. रॉबर्स केव्हमधली दुष्मनी मुलांच्या रक्तातून उसळून आली असं जे सांगितलं जातं, ते म्हणूनच मला मान्य नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मायकेल बिलिग यांनी १९७६ मध्येच दाखवून दिलं होतं की तिथे गट दोन नव्हते, तीन होते: तिसरा गट प्रयोग करणाऱ्यांचा, आणि सगळी सत्ता त्याच्याकडे. अकरा वर्षांच्या मुलांना न विचारता, पालकांना पूर्ण न सांगता त्यांच्यात वैर पेरणं चूकच होतं, आणि त्यातून मिळालेलं ज्ञान कितीही उपयोगी असलं तरी ती चूक पुसली जात नाही. यातल्या काहींना आपण एका जगप्रसिद्ध प्रयोगात होतो हे कळलं ते थेट म्हातारपणी, पेरी त्यांना शोधत गेल्यावर.

तिसरा टप्पा: काय चाललं नाही

भांडण लावणं सोपं होतं. मिटवण्यासाठी काय काय निरुपयोगी ठरलं, ते आधी पाहू.

उपदेश निरुपयोगी ठरला. शिबिरातल्या प्रार्थनेत धर्मगुरूंनी बंधुभाव आणि क्षमा यांवर प्रवचन दिलं. मुलांना ते मनापासून आवडलं. बाहेर पडल्यावर काही मिनिटांत ती पुन्हा दुसऱ्या गटाची जिरवायच्या बेतात गुंतली.

मध्यस्थी निरुपयोगी ठरली. या शिबिरांमधला एक प्रसंग शेरीफ यांनी सांगितला आहे. वरच्या मानाचा एक मुलगा स्वतःहून समेटाचं बोलायला पलीकडे गेला. त्याला हिरव्या सफरचंदांचा मार खात परत पळावं लागलं. आणि परत आल्यावर त्याच्याच गटाने त्याची टर उडवली. समेटाला जाणारा दोन्हीकडून मार खातो, हे ज्यांनी कधी भाऊबंदकीत मध्ये पडून पाहिलं आहे त्यांना सांगायला नको.

तिसऱ्या शत्रूची युक्ती १९४९ मध्ये करून पाहिली होती: बाहेरच्या शिबिराविरुद्ध सामना लावला की आतले दोघं एक होतात. होतात खरे, पण भांडण मिटत नाही, फक्त मोठं होतं. शेरीफ यांनी हा मार्ग नाकारला.

आणि नुसती एक पंगत निरुपयोगी ठरली. हे मला ठळकपणे सांगायचं आहे, कारण आपल्या शाळा, संस्था, सोसायट्या सगळ्यांचा भर यावरच असतो: एकत्र बसवा, एकत्र जेवू घाला, गैरसमज आपोआप दूर होतील. रॉबर्स केव्हमध्ये दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र चित्रपट दाखवले, फटाके उडवायला दिले. अशी सात निमित्तं घडवली. जेवणाच्या खोलीत रांगेत कोण पुढे यावरून धक्काबुक्की, टोमणे, आणि मग एकमेकांवर अन्न फेकणं. जवळ आणल्याने फक्त भांडायला अंतर कमी झालं.

१९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी लिहिलं होतं की सहभोजनाने जातीची भावना मेलेली नाही, असा सर्वत्र अनुभव आहे. प्रश्न वेगळा, खोली फार वेगळी, पण पंगतीच्या मर्यादेबद्दल आपल्याकडे हे अठरा वर्षं आधी सांगून झालं होतं.

काय चाललं

शिबिराला पिण्याचं पाणी डोंगरावरच्या टाकीतून येई. एके दिवशी नळ कोरडे पडले. व्यवस्था अर्थातच शेरीफ यांच्या मंडळींची होती. मुलांना सांगितलं की टाकीपासून इथपर्यंत नळात कुठेतरी बिघाड आहे, शोधायला हात हवेत. दोन्ही गट आपापल्या वाटेने नळ तपासत वर निघाले आणि टाकीपाशी एकत्र आले. टाकी भरलेली होती, पण तोटीत गोणपाटाचे तुकडे कोंबलेले होते. ते काढायला पाऊण तासाहून जास्त वेळ खटपट चालली. कोणी एक काढायला लागला की दुसरा सल्ला देई, मग तो सरके आणि दुसरा हात घाली. पाणी आलं तेव्हा ईगल्सकडे पाण्याच्या बाटल्या नव्हत्या, ते जास्त तहानलेले होते. रॅटलर्सनी त्यांना आधी पिऊ दिलं. रांगेवरून टोमणा आला नाही.

मदत करणं हा चांगल्या मनाचा गुण आहे असं आपण मानतो. इथे मनं कालचीच होती. आदल्या दिवशी ज्याच्या अंगावर उष्टं फेकलं, त्याला आज आधी पाणी. समोरच्याची तहान दिसली, कारण तीच तहान स्वतःच्या घशात होती आणि नळ दोघांनी मिळून मोकळा केला होता.

त्याच संध्याकाळी जेवताना पुन्हा फेकाफेकी झाली. अर्ध्या पानाच्या सारांशात नेमकं हेच गळतं. एकदा एकत्र काम केलं आणि मैत्री झाली, असं झालं नाही. एका कामाने थोडी कड बोथट झाली. मग दुसरं काम आलं, मग तिसरं.

दुसरं काम तो चित्रपट. रक्कम कोणा एका गटाला झेपणारी नव्हती, म्हणून हिशोब एकत्र करावा लागला. आणि आठ सेंटांचा फरक का चालला, याचं माझं उत्तर असं: माणशी वाटणी केली असती तर नऊजणांच्या गटाने कमी पैसे दिले असते, म्हणजे गट म्हणून तो धाकटा ठरला असता. साडेतीनला साडेतीन दिल्याने दोन्ही गट बरोबरीचे राहिले. गणिताने हे अन्याय्य होतं, मानाने न्याय्य. समेट करणारे पुष्कळदा गणित बरोबर करतात आणि मान विसरतात.

तिसरं काम ट्रकचं. सगळे दूरच्या एका तळ्यावर सहलीला गेले होते. जेवण आणायला जाणारा ट्रक चालू होईना. ढकलणं शक्य नव्हतं, तेव्हा कोणालातरी रस्सीखेचीचा दोर आठवला. ज्या दोराच्या दोन टोकांना उभं राहून आठवडाभरापूर्वी झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली होती, तोच. दोर ट्रकच्या पुढच्या दांड्यात अडकवला. पहिल्यांदा ओढताना एका बाजूला ईगल्स, दुसऱ्या बाजूला रॅटलर्स असेच उभे राहिले. दुसऱ्यांदा ओढायची वेळ आली तेव्हा कोण कुठे उभं आहे याचा हिशोब राहिला नव्हता. त्यानंतर जेवण आळीपाळीने बनवायचं ठरलं. तंबूचं सामान मुद्दाम उलटसुलट भरलेलं निघालं तर खुंट्या आणि दांडे एकमेकांना देऊन दोन्ही तंबू उभे राहिले.

शेवटी पुन्हा तोच प्रश्न विचारला: तुझे मित्र कोण? रॅटलर्सच्या उत्तरांत ईगल्सची नावं ६.४ वरून ३६.४ टक्क्यांवर गेली. ईगल्सच्या उत्तरांत रॅटलर्सची ७.५ वरून २३.२ वर. आकडे नीट वाचले तर बहुसंख्य मित्र अजूनही आपल्याच गटातले होते. गट विरघळले नाहीत. त्यांच्यातली भिंत ओलांडण्याइतकी खाली आली, आणि एका आठवड्याच्या कामासाठी हे कमी नाही.

कुठवर नेता येईल

शेरीफ यांनी यातून जे सूत्र काढलं त्यात दोन गोष्टी आहेत. ध्येय असं हवं की दोघांनाही ते मनापासून हवं आहे, आणि एकट्याला ते मिळवता येत नाही. पहिली गोष्ट बहुतेकांना कळते. दुसरीकडे दुर्लक्ष होतं. ‘गावाचा विकास’ सगळ्यांना हवा असतो, पण एक गट दुसऱ्याशिवाय तो करू शकतो असं त्याला वाटत असेल, तर ते सामायिक ध्येय नव्हे.

सूत्राला ठिगळंही जोडावी लागली. वैराला बक्षिसांची चढाओढ लागते असं शेरीफ मानत. हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की पडद्यावरचे ठिपके मोजण्यासारख्या फुटकळ कारणावरून गट पाडले, तरी पैसे वाटताना मुलं आपल्या गटाला झुकतं माप देतात. दुसरीकडे लुत्फी दियाब यांनी १९६३ मध्ये बैरूतजवळ असंच शिबिर घेतलं. प्रत्येक गटात ख्रिस्ती आणि मुस्लिम मुलं मिसळलेली होती. मारामारी इतकी वाढली की शिबिर बंद करावं लागलं, आणि ती झाली शिबिरातल्या दोन गटांमध्ये, धर्मांमध्ये नव्हे. बाहेरच्या जगात जी रेघ सर्वांत खोल मानली जाते, ती दोन-तीन आठवड्यांच्या मांडणीपुढे फिकी पडली.

पण रॅटलर्स आणि ईगल्स बरोबरीचे होते, हे विसरून चालणार नाही. टाकीवर कोणाचीच मालकी नव्हती. जिथे विहीर एकाची आणि तहान दुसऱ्याची, तिथे ‘चला, मिळून नळ शोधू’ म्हणणं हा तहानलेल्याचा अपमान आहे. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर लोक गेले ते हक्क बजावायला, कारण तिथे आधी हक्काचा प्रश्न होता. ज्या भांडणात एक बाजू दुसरीला दाबते आहे, तिथे रॉबर्स केव्हचा दोर बाहेर काढू नये.

मी स्वतः मुलांची सुट्टीतली शिबिरं घेते. पूर्वी पहिल्याच सकाळी चिठ्ठ्या काढून गट पाडायचे, वाघ, सिंह, चित्ते, आणि फळ्यावर गुण लिहायला सुरुवात. उत्साह यायचा, म्हणून बरं वाटायचं. एका वर्षी तिसऱ्या दिवशी एका मुलीची वही दुसऱ्या गटाने फाडली. चौकशी करताना माझ्या लक्षात आलं की फाडणाऱ्या मुलीला वहीवाल्या मुलीचं नावही माहीत नव्हतं, ती तिला ‘त्या सिंहांतली’ म्हणत होती. तेव्हापासून पहिले दोन दिवस गट नाहीत. नावं पाठ करायची, एकमेकांच्या घरच्यांविषयी विचारायचं, एकत्र पोळ्या लाटायच्या. गुणांचा फळा अजून आहे, पण तो शेवटच्या दिवशी येतो आणि मुलं त्याच्याकडे फार बघत नाहीत.

रॉबर्स केव्हच्या मुलांनी परत जाताना एकाच बसने जायचं ठरवलं. बसमध्ये गटागटाने कोणी बसलं नाही. वाटेत खाण्यापिण्यासाठी थांबले तेव्हा रॅटलर्सकडे ५ डॉलर होते, वाल गोळा करायच्या त्या स्पर्धेत जिंकलेले. एका रॅटलरने सुचवलं की यातून सगळ्यांनाच माल्टेड मिल्क घेऊ. बाकीच्यांनी हो म्हटलं, आणि वीस पेले आले.